माझ्या झाकणावरचा अंगठा

मी एक जुना स्टॅम्पपॅड आहे, मित्रांनो! पत्र्याची चपटी डबी आणि आत निळ्या शाईत भिजलेली गादी. गोंदियाच्या दुकानात होतो तेव्हा वाटायचं, आपण शाळेत जाऊ, निकालपत्रांवर शिक्के मारू. पण मला घेतलं मुन्नालालने, जमिनीच्या दलालाने. मी थेट त्याच्या खिशात!

दर सोमवारी तो तिरोड्याच्या कोर्टात जायचा. त्याचा स्वतःचा खटला एकही नव्हता. फलकावर वारस दाखल्याच्या नोटिसा लागतात ना, त्या तो वाचायचा. कोण वारलं, शेत कुठे, मागे कोण उरलं, सगळं टिपून घ्यायचा आणि मेलेल्याचा दोस्त बनून त्याच्या घरी पोचायचा. दाखला हाती यायच्या आधीच मातीमोल भावात सौदा! "शाई बढिया आहे," असं लोक म्हणायचे. खरं सांगतो, मला तेव्हा गर्वच वाटायचा.

मग आम्ही बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात निर्मलाबाईंच्या घरी गेलो. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. मागे तीन एकर धानाचं शेत आणि दहावीतली मुलगी दुर्गेश्वरी. बस, तेवढंच.

"भाभी, इंद्रकुमार माझा जिगरी दोस्त," मुन्नालालने कोरडेच डोळे पुसले. "केस चार वर्षं चालन. वकीलच शेत खाऊन टाकन. मी आजच नगद देतो."

"पोरीले इचारतो जरा."

"तिले काऊन? ते तं उद्या सासरी जाईन!"

त्याने माझं झाकण उघडलं. निर्मलाबाईंचा अंगठा माझ्या गादीत रुतला. कागद चार बोटांवर होता. माझी शाई आत्ताच्या आत्ता वाळून जावी, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण मी काय करणार?

इतक्यात दारात दुर्गेश्वरी. खांद्यावर दप्तर.

"काका, तुम्ही बाबाचे दोस्त न? मंग बाबाले काय म्हणून हाक मारत होते?"

"इंद्रकुमार! अजून काय?"

मित्रांनो, तलावाचं पाणी शेताशेताला वाटून देणाऱ्याला तिकडे पाणकर म्हणतात. दुर्गेश्वरीच्या बाबांनी तीस वर्षं तेच काम केलं होतं. लहानथोर सगळे त्यांना पाणकरच म्हणायचे.

"इंद्रकुमार तं फक्त कोर्टाच्या नोटिशीवर आहे, काका. तिथूनच आले न तुम्ही? आई, हात मांगं घे!"

"मोठी वकीलच होऊन राहिली!" मुन्नालाल हसला, पण कागदाची घडी करून तो खिशात कोंबू लागला.

"दोस्त म्हणे! नीघ माझ्या आंगनातून!" निर्मलाबाई कडाडल्या.

तो असा पळाला की मी तिथेच राहिलो. शाईचा अंगठा निर्मलाबाईंनी माझ्याच झाकणावर दाबून पुसला; ठसा तसाच राहिला.

आता मी दुर्गेश्वरीच्या फळीवर असतो. मायलेकी तारखेला स्वतः कोर्टात जातात, शेत अजून त्यांचंच आहे. माझी गादी कडक झाली आहे. मला खुशाल भंगारात टाका, मित्रांनो, पण शाईत बोट बुडवण्याआधी समोरच्याला एक प्रश्न नक्की विचारा. फक्त ते झाकण जपून ठेवा. मी उमटवलेल्या इतक्या अंगठ्यांत तो एकच आहे, ज्याने कोणाचं काही गेलं नाही.