जाईबाईच्या पट्टीवरची लाट

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कथा अर्धीच मिळते, असं आमच्याकडचे बुवा म्हणत, आणि ते खोटं नाही. मी तुम्हांला एका लाटेची कथा सांगणार आहे. ती खाडीत उठली नाही, कागदावर उठली. तिचा उलगडा मला अजून पुरता झालेला नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, मी एक जुना कार्डिओग्राफ आहे. तुम्ही ज्याला ईसीजीचं मशीन म्हणता, तो मी. माझा जन्म वागळे इस्टेटीतल्या एका छोट्या कारखान्यातला. पत्र्याची पेटी, पोटात तारा आणि तोंडाशी एक तापणारी सुई. माणसाच्या मनगटांना आणि घोट्यांना रबरी पट्टे बांधायचे, छातीला वाट्या चिकटवायच्या, की हृदयाच्या ठोक्यासरशी सुई उडायची आणि मेणाच्या कागदावर काळी रेघ उमटायची. त्या कागदाला सगळे पट्टी म्हणत.

नौपाड्यात डॉक्टर उत्तम गांगुर्डे यांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. भिंतीपलीकडे देवळाचा सभामंडप होता. संध्याकाळी तिकडे कीर्तन रंगे आणि मी टेबलावर बसल्या बसल्या ऐके. अभंगाची गोडी मला तिथेच लागली. माझं काम पाहून डॉक्टर म्हणत, "हा पेटीतला माणूस खोटं बोलत नाही." त्या कौतुकावर मी बरीच वर्षं सुखात काढली.

मग डॉक्टरांचे मित्र प्राध्यापक हरिहर ओक येऊ लागले, आणि माझा गोंधळ सुरू झाला. ते डोंबिवलीच्या एका कॉलेजात गणित शिकवत. हातात भिंग, खिशात मोजपट्टी. माझ्या पट्ट्या ते टेबलभर पसरून बसत.

"हरी, ठोके मोजून झाले की सांग. मला जेवायला जायचंय," डॉक्टर म्हणत.

"ठोके तर तूही मोजतोस रे. मी दोन ठोक्यांमधली रिकामी जागा मोजतोय."

"रिकाम्या जागेत काय असतं?"

"तेच तर शोधतोय. हृदय बिघडायच्या आधी या जागा कमीजास्त होत असतील, तर गणिताने आजार आधीच कळेल."

मला काही कळेना. मी जन्मभर रेघ काढली, आणि या गृहस्थांना जिथे रेघ उडतच नाही ती जागा हवी होती. पण टाळकऱ्याला विचारा, दोन टाळांमधली जागा चुकली तर भजन बसत नाही. म्हणून मी त्यांना नावं ठेवली नाहीत.

अशात एका दुपारी जाईबाई आली. कोपरीची कोळीण, स्टेशनजवळ मासे विकायची. पाटीपाशी बसल्या बसल्या तिला घेरी आली होती. देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागे उभी राहून झील धरणारी हीच. बुवांनी ओळ सोडली की ती अशी उचलायची, की मंडप भरून जायचा. तिचा आवाज मला पाठ होता. तोंड मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"सकाळपासून काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय. एकादशी हाय ना. पानी पन नाय."

"मासे विकता आणि एकादशी करता?"

"विकते मी. खात नाय ना."

पट्टे बांधणाऱ्या कांताबाईंना हसू फुटलं. मग त्यांनी सगळ्यांना सांगायच्या त्याच सूचना दिल्या. "हलायचं नाही, बोलायचं नाही, तोंड बंद."

जाईबाईने डोळे मिटले. माझी सुई चालू झाली आणि मी चक्रावलो. ठोके जवळ जवळ येत, मग हळूहळू लांब लांब जात, पुन्हा जवळ येत. भरती-ओहोटी चालल्यासारखं. अशी पट्टी मी कधी काढली नव्हती.

आधी संशय माझ्यावरच आला. कांताबाईंनी माझ्या पाठीत थाप मारली, कागद बदलला. डॉक्टर स्वतः पलंगावर आडवे झाले. त्यांची पट्टी नेहमीसारखी आली. जाईबाईची पुन्हा काढली, तर पुन्हा तीच लाट.

ओकसरांनी भिंग खाली ठेवलं. "उत्तम, मी शोधत होतो ते हेच असेल. ही आजाराची वर्दी असेल."

"असेल की आहे?"

"ते मला आज सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. मग म्हणाले, "जाईबाई, एक साधी गोळी देतो. निर्जळी उपास बंद. आणि मी पुन्हा तपासेपर्यंत गायचं नाही. आवाज चढला की छातीवर ताण येतो."

"सप्ता तोंडावर हाय, डॉक्टर. झील कोन धरनार?"

"दुसरं कोणी धरेल."

"दुसरा कोन हाय?" ती एवढंच म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

त्यानंतर भिंतीपलीकडे कीर्तन व्हायचं, पण बुवांची ओळ सुटली की मागे पोकळी. मला वाटे, ही माझ्याच पट्टीची करणी. मग वाटे, मी तर जे होतं तेच लिहिलं. खरं लिहूनही एखाद्याचं गाणं कसं जातं, याचा मला उमज पडेना.

सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती तपासायला आली. पट्टे बांधले, सुई फिरली आणि लाट नव्हती. साधी, सरळ, चार माणसांसारखी पट्टी.

डॉक्टर खूश झाले. "गोळी लागू पडली. म्हणजे हेच पुढे चालू ठेवायचं. गाणं आता कायमचं बंद ठेवा, जाईबाई. जीव महत्त्वाचा."

कांताबाई पट्टे सोडत होत्या, त्यांना जाईबाईच्या कानाशी ओघळलेलं पाणी दिसलं.

"काय गं, दुखतंय का कुठे?"

"नाय गो. आज मी देवाशी बोलत नाय. त्याने माजा गाना नेला. म्हनून मीच गप पडलेली."

ओकसर पट्टी गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. "म्हणजे मागच्या वेळी बोलत होतात?"

"मनात. बाईंनी तोंड बंद सांगितला ना. मंग मनात नाव घेतला. लांब दमावर, बुवा शिकवतात तसा. भ्या वाटला का आमी तसाच करतो."

"कांताबाई, पट्टे पुन्हा बांधा," ओकसर म्हणाले. "आणि जाईबाई, आज देवाशी अबोला सोडा. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी सोडते. त्याच्यासाठी नाय."

आणि मित्रांनो, लाट आली. श्वास आत गेला की ठोके जवळ, लांब दमावर नाव सुटलं की ठोके दूर. नाव थांबवलं, लाट थांबली.

डॉक्टर डोकं खाजवत पलंगावर आडवे झाले. "माझी काढा. मी मनात बुद्धवंदना म्हणतो, तशीच सावकाश." त्यांचीही लाट आली. ओकसर देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. ते म्हणाले, "मला यातलं काही येत नाही. मी एकोणतीसचा पाढा म्हणतो." तो त्यांनी मनात लांब दमावर म्हटला, आणि त्यांचीही लाट आली.

"पाड्याला पन देव पावतो?" जाईबाईने विचारलं.

लाट नावाची होती की श्वासाची? श्वासाची असेल, तर नावाने काय केलं? आणि नाव नसतं, तर भ्यालेल्या बाईला इतका लांब श्वास कोणी दिला असता? मी भाविक आहे, पण माझी सुई भाविक नाही. तिने तिघांचीही लाट सारखीच काढली.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. "घेरी उपासाची होती, जाईबाई. पाणी पीत जा. आणि उद्या झील धरा. लाटेला मी आजार म्हटलं, ती माझी चूक."

दुसऱ्या दिवशी बुवांनी ओळ सोडली आणि मागून ती उचलली गेली. माझी सुई थंड होती, नाहीतर तीही हलली असती.

ओकसरांनी आपलं संशोधन पुन्हा पहिल्यापासून मांडलं. आता ते पट्टी मोजण्याआधी प्रत्येकाला विचारत, "मनात काय चाललं होतं?" कोणी सांगे मुलीचं लग्न, कोणी चुलीवरची आमटी. एकदा डॉक्टरांनी चिडवलं, "हरी, हे गणित आहे की चौकशीची खिडकी?" ओकसर म्हणाले, "रिकाम्या जागेत काय असतं, हे तूच विचारलं होतंस."

पुढे पडद्याची नवी यंत्रं आली. माझा कागद मिळेनासा झाला. मी कपाटावर गेलो, धूळ बसली, रबरी पट्ट्यांना चिरा पडल्या. ओकसरांनी मला डोंबिवलीला आपल्या घरी नेलं. ते आठवणीने माझ्यावर फडकं घालतात. तुम्हीही आपल्या जुन्या यंत्रांवर फडकं घाला, एवढं मागणं आहे. यंत्राला धूळ सोसत नाही, आणि विसर तर त्याहून सोसत नाही.

जाईबाई आता नाही. तिची जागा बुवांच्या मागे कोणी घेतली, मला माहीत नाही. इथे डोंबिवलीत देवळाची भिंत नाही. पण तुम्ही कधी अशा यंत्राखाली निजाल आणि कोणी म्हणेल, हलू नका, बोलू नका, तेव्हा मनात जे म्हणायचं ते म्हणा. देव, वंदना, पाढा, काहीही चालेल. फक्त उठल्यावर डॉक्टरांना ते सांगा. आणि सांगताना कोपरीच्या जाईबाईची आठवण ठेवा, जिने तोंड बंद ठेवूनही झील सोडली नाही.