ओल्या मिठावरची वाट

मी फटफटी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव मोटारसायकल असं ऐटदार होतं, पण दुबईच्या देऱ्यात राहणारे आपले कोकणी लोक मला फटफटीच म्हणत. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा असेल तर आताच उठा. मी जे पाहिलं ते सांगणार आहे, आणि त्यात गोड काही नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारखान्यात मला जोडलं, रंगवलं आणि पावसाने भिजलेल्या डांबरी रस्त्यावर पळवून पाहिलं. निसरडं म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा माझा तेव्हापासून समज होता. मग पेटीत घालून जहाजावर चढवलं आणि शारजाच्या वाळूत आणून उतरवलं.

माझा पहिला मालक छावणीतला एक लालबुंद गोरा सार्जंट. तो दारू पिऊन मला चालवायचा आणि ब्रेक लावायचा कंटाळा आला की भिंतीवर नेऊन थांबवायचा. बदली झाली तेव्हा त्याने मला विकलं आणि शिट्टी वाजवत निघून गेला. माणसांच्या जातीबद्दलचं माझं मत तेव्हाच बनलं. ते बदलायची पाळी अजून आलेली नाही.

मला विकत घेतलं यूनुसने. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी त्याचं गाव. शारजाच्या अंगाला एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर होता, पण राहायचा देऱ्यात, झावळ्यांच्या भिंतींच्या झोपडीत. रोज सकाळी देऱ्यातून कामावर आणि संध्याकाळी परत, असा माझा शिरस्ता ठरला. मागच्या सीटवर त्याचा मेहुणा जहूर, म्हणजे यूनुसच्या बायकोचा धाकटा भाऊ.

जहूर रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. त्याला वाढवलं ते याच मोठ्या बहिणीने, अन्वरीने. तिचं स्वतःचं वय तेव्हा खेळण्याचं होतं. जहूरच्या तोंडात दर दोन वाक्यांनी 'आपा' यायची. आपाच्या हातचं सुकट, आपाने शिवलेला सदरा, आपा अशी आणि आपा तशी. यूनुसने त्याला इकडे आणलं आणि नोकरीला लावलं, हे खरं. ते तो रोज बोलून दाखवायचा, हेही खरं.

आता वाटेबद्दल. देरा आणि शारजा यांच्यामध्ये तेव्हा डांबर नव्हतं. होता तो सबखा. सबखा म्हणजे समुद्राकाठचं मिठाचं सपाट रान. उन्हाळ्यात त्यावर पांढरी खरपुडी धरते, आणि ती इतकी कडक की वरून लॉरी जाते. पण हिवाळ्यात सकाळी दाट धुकं उतरतं, अधूनमधून पाऊस पडतो, आणि तीच खरपुडी साबण लावलेल्या फरशीसारखी होते. विलायतेतला ओला रस्ता त्यापुढे काहीच नाही. तिथे मी घसरायचे, इथे माझी चाकं आपापल्या मर्जीने चालायची.

लॉरीवाल्यांनी पक्क्या जमिनीच्या कडेने रिकामी तेलाची पिंपं ओळीने मांडून ठेवली होती. त्या पिंपांच्या ओळीतून जायचं, असा दंडक. एकदा कंपनीची एक लॉरी शॉर्टकट घेताना सबख्यात बुडाली. तेव्हापासून गोऱ्या फोरमनने जाहीर करून टाकलं होतं की पिंपं सोडून जो जाईल तो सरळ बोटीने मुंबईला जाईल. आणि बोटीतून उतरणारे, नोकरी शोधणारे, बंदरावर रोजच उभे असत.

हिवाळ्यात यूनुसची एक पद्धत होती. निसरडं लागलं की तो मला थांबवायचा आणि मागे न बघता म्हणायचा, "उतर."

जहूर उतरायचा. चपला काढून गळ्यात अडकवायचा आणि अनवाणी पुढे चालू लागायचा. त्याचा पाय रुतला की मी डावीकडे, घसरला की उजवीकडे. मेहुण्याच्या तळव्यांनी जमीन तपासून यूनुस कोरड्या बुटांनी कामावर पोचायचा. जहूरच्या टाचांना मिठाने चिरा पडल्या होत्या. रात्री तो त्यात मेण भरायचा आणि 'स्स' म्हणायचा. एवढीच त्याची तक्रार.

"कोकणात चिखलात वाढलास ना?" यूनुस हसायचा. "मग इथे काय मेहंदी लावून आलायस?"

यूनुसच्या बापाची एक म्हण होती: ओली वाळू पाठीवर घेते, कोरडी वाळू पोटात घेते. त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर ती सोळा आणे खरी. भरतीची लाट मागे सरकली की ओल्या वाळूच्या पुळणीवरून भरलेल्या बैलगाड्या जातात, चाकाची नुसती रेघ उमटते. कोरड्या वाळूत मात्र बैल गुडघे टेकतात. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. जहूरचाही त्यावर तितकाच विश्वास होता.

त्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सकाळी धुकं असं की माझ्या दिव्याचा उजेड पुढच्या चाकापर्यंतही पोचेना. पिंपांच्या वाटेवर एक लॉरी आडवी होऊन अडकली होती, तिच्यामागे आणखी दोन. यूनुस आधीच लेट म्हणून बोलणी खाऊन बसला होता. पुन्हा लेट झालास तर गेट बंद, असं फोरमनने सुनावलेलं.

यूनुसने समुद्राच्या बाजूला पाहिलं. तिकडे जमीन ओली, काळसर आणि सपाट चकाकत होती, हुबेहूब गावच्या पुळणीसारखी.

"ती बघ ओली वाळू," तो म्हणाला. "तिथून जाऊ."

"दुल्हाभाई, फोरमनने सांगितलंय ना..."

"धुक्यात फोरमनला काय दिसतंय? चल, बस."

"मी पुढे चालू?"

"चालत बसलास तर खलास! गेट लागेल. बस म्हणतो ना!"

आम्ही पिंपं सोडली. सुरुवातीला जमीन खरंच घट्ट लागली. यूनुस ओरडून म्हणालासुद्धा, "बघ, बाप खोटं बोलत नव्हता!" पण ती पुळण नव्हती. वर पाण्याचा हात फिरलेली मिठाची पातळ साल, आणि खाली लोण्यासारखा गाळ. साल फाटली. माझं मागचं चाक बाजूला गेलं, पुढचं वळलं, आणि मी आडवी झाले ती जहूरच्या डाव्या पायावर. माझा सायलेन्सर तापलेला होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मांस भाजल्याचा वास यूनुसनेही घेतला असणार.

त्याने आधी मला उचललं. दिवा फुटला का पाहिलं, हँडल वाकलं का पाहिलं. जहूरच्या गळ्यातला रुमाल ओढून त्याने माझी टाकी पुसली. मग तो त्याच्याकडे वळला.

"ऊठ."

"दुल्हाभाई, पाय हलत नाही."

"हलव."

जहूरने प्रयत्न केला आणि तो असा ओरडला की धुक्यात कुठेतरी बसलेले पक्षी उडाले. यूनुसने किक मारली. मी सुरू झाले. किक बसली की पेटायचं, हा आम्हा यंत्रांचा धर्म, तिथे मागे कोण पडलंय ते विचारत नाहीत.

"मला पिंपांपर्यंत तरी न्या," जहूर म्हणाला. "तिथून लॉरीवाले घेतील."

"पिंपांपाशी नेलं तर सगळ्यांना कळेल आपण कुठून आलो ते. इथेच पडून राहा. मी लॉरी पाठवतो. इन्शाल्ला लगेच येईल."

मी तिथून निघाले. मागे जहूर 'दुल्हाभाई' अशी हाक मारत होता, मग त्याने 'आपा' अशी मारली. माझ्या आवाजात ती बुडून गेली.

गेट उघडं होतं. फोरमनने घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "जहूर किधर है?"

"बुखार है साब," यूनुस म्हणाला. "रूम पे सोया है."

आणि त्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्या चाकांवर सबख्याचा करडा गाळ होता. तो त्याने पाण्याने धुतला, मगच पाना हातात घेतला. मला वाटलं, आता सांगेल. जेवणाची सुट्टी झाली. तय्यब नावाचा लॉरी ड्रायव्हर, त्याच्याच शेजारच्या गावचा, रिकामी लॉरी घेऊन देऱ्याकडे निघाला होता. खिडकीतून डोकं काढून त्याने विचारलं, "यूनुस, देऱ्यातून काही आणायचंय? जहूरला दवा वगैरे द्यायचीय?"

लॉरी समोर उभी होती आणि इंजिनही चालू होतं. एक वाक्य पुरेसं होतं. पण तय्यबच्या पोटात काही राहत नाही, हे यूनुसला पक्कं माहीत होतं.

"नको," तो म्हणाला. "झोपू दे त्याला. यल्ला, तू निघ."

त्या क्षणी मला तोंड हवं होतं. हॉर्न होता, तोही वाजवणाऱ्याच्या हातात.

संध्याकाळी परतताना तो पिंपांच्या ओळीत थांबला आणि तिथूनच दोन हाका मारल्या. सबख्यात पाऊलही टाकलं नाही. आम्ही पडलो होतो तिथे भरतीचं पाणी पसरलं होतं. तो मला वळवून झोपडीवर आला आणि भात शिजवून जेवला.

जहूर मेला नव्हता. दुपारी जाळी बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या अरब कोळ्याला तो कमरेएवढ्या पाण्यात सापडला होता. कोळ्याने त्याला होडीत घालून देऱ्यात आणलं. त्याच्याशी ना नातं ना ओळख, तरी पोचवेपर्यंत तो त्याच्याजवळ बसून होता असं म्हणतात. पण जखमेत खारं पाणी आणि गाळ दिवसभर मुरला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय कापला.

बातमी आली तसा यूनुस धावत दवाखान्यात गेला. उशाशी बसून राहिला, कपाळावर पट्ट्या ठेवत. बघणारे म्हणाले, मेहुण्यासाठी एवढं कोण करतं! तिथे दोघांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, मी बाहेर उभी होते. पण जहूरला झोपडीत आणल्यावरचं सगळं मी ऐकलं. झावळ्यांच्या भिंतीतून कुजबुजही बाहेर येते.

"काय सांगायचं ते लक्षात आहे ना?" यूनुस विचारत होता. "मी कामावर गेल्यावर तू एकटाच शिंपल्या-तिसऱ्या काढायला किनाऱ्यावर गेलास. खडकावरून पडलास."

"तिकडे खडक कुठे आहेत, दुल्हाभाई?"

"फोरमनला काय माहीत? हे बघ जहूर, खरं सांगितलंस तर माझी ड्यूटी गेली. तुझी तर गेलीच आहे. मी घरी परत गेलो, तर तुझ्या आपाला तुझ्या बापाच्या दारात सोडून येईन, पोरांसकट. मग एका पायाने पोस त्यांना."



"आपाला असलं काही कळू देऊ नका," जहूर म्हणाला.

तय्यब विचारपूस करायला आला. जहूरने त्याला सांगितलं, तिसऱ्या काढायला गेलो होतो. तय्यबने ते फोरमनला सांगितलं. फोरमनने यूनुसला उभं करून झाडलं, की मेहुणा मासे मारत फिरतो आणि तू बुखार सांगतोस! यूनुसने मान खाली घातली. बिचारा नातेवाइकापायी खोटं बोलला, म्हणून त्याला माफी मिळाली. जहूरचं नाव कामावरून काढून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराला मिळालेली सहानुभूती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

बातमी गावी पोचायला वेळ लागला नाही. कोकणातून रजा संपवून बोटीने अलीमियाँ चाचा आले, दोघांच्याही ओळखीचे, वयाने मोठे. ते झोपडीत बसले, चहा झाला, आणि मग घसा खाकरून त्यांनी अन्वरीचा निरोप सांगितला.

"जहूर बेटा, तुझी आपा फार रडली. पायाचं ऐकून तर जेवली नाही. पण रागावलीपण आहे. म्हणाली, माझ्या नवऱ्याने ह्याला नोकरीला लावलं आणि ह्याने बुखाराचं ढोंग करून त्यांना साहेबापुढे खोटं पाडलं. म्हणाली, घर ह्याचंच आहे, ये म्हणावं. पण आधी ह्यांची माफी माग. माफी मागितल्याशिवाय माझ्या दारात पाऊल ठेवू नको."

मला झावळ्यांच्या फटीतून जहूर दिसत होता. तो यूनुसकडे बघत होता. यूनुस चहाच्या कपाकडे बघत होता. त्या वेळी तरी, चाचांच्या समोर नाही तर पाठीमागे, हा माणूस एक शब्द बोलेल, निदान 'राहू दे' म्हणेल, असं मला वाटलं. इतकं पाहूनही वाटलं, ही माझी अक्कल.

जहूर हातावर जोर देऊन भिंतीला टेकून बसला.

"दुल्हाभाई," तो म्हणाला, "माझं चुकलं. मला माफ करा."

यूनुसने कप खाली ठेवला. "जाऊ दे," तो म्हणाला. "मी माफ केलं. पुन्हा असं वागू नकोस."

चाचांनी डोळे पुसले. माशाल्ला म्हणाले, असं मोठं मन अल्लाने सगळ्यांना द्यावं. माझी टाकी रिकामी होती, नाहीतर मी त्याच जागी पेटले असते.

जहूर बोटीने गावी गेला. निघताना माझ्या सीटला हात लावायला तो थांबला, पण यूनुस घाई करत होता. पुढे देऱ्याहून शारजाला डांबरी रस्ता झाला आणि यूनुसने चार चाकांची पिकअप घेतली. मला झोपडीमागे लावलं ते कायमचंच. मिठाने माझे स्पोक खाल्ले, साखळी गंजून एक झाली, सीट शेळ्यांनी कुरतडली. दुरुस्तीची भीक मी मागत नाही. मला आता कुणाच्याही कामावर वेळेत पोचायचं नाही.

मागणं एकच आहे. अलीमियाँ चाचा पुढच्या रजेवरून आले तेव्हा सांगत होते, जहूर आपाच्याच घरी असतो. कुबडी भिंतीला लावून ओटीवर बसतो, तिच्या मुलांना खेळवतो. ती त्याला पोटभर वाढते आणि वाढताना न चुकता सुनावते, "तिसऱ्या काढायला गेला होता माझा शहाणा भाऊ!" तो हसतो आणि जेवतो. उद्या तुमच्यापैकी कुणाचं त्या गावी जाणं झालं, तर तुम्हाला खरं ठाऊक असेल, आणि ते जिभेवर येईल. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. तिथे तोंड उघडू नका. अन्वरी वाढेल ते जेवा, जहूरला सलाम करा आणि निघा.