पोट सुटलेले खांब

१९६१ साली मांडवगण फराट्यात सोसायटीच्या गोदामाचा माळा कोसळून रहीम मिस्त्री गेले. मग माझी नोकरी वाचवायची की त्यांची अब्रू, एवढंच ठरायचं राहिलं.

मी तिथला ओव्हरसियर. वय तेवीस, डोक्यात गणित. उंच खांब चिरडून मोडत नाही, आधी मधोमध वाकतो. म्हणून लाकूड तेवढंच घेऊन मध्ये जाड, टोकांना बारीक केलं, की खांब तिसरा हिस्सा जास्त ओझं पेलतो. गणिताच्या मते टोकं शून्यावर आणायची होती. मी मोठ्या मनानं चार इंच ठेवली.

मिस्त्रींनी नकाशा सुलटा पाहिला, उलटा पाहिला. दोन्हीकडून सारखाच.

"सायेब, खांबाला पोट सुटलंय."

"मामा, मुद्दाम काढलंय."

"मुद्दाम? मग बारसं कवा?"

त्यांच्या धंद्यात पोट सुटलेली भिंत म्हणजे आज-उद्या पडणारी. मी तासभर समजावलं. त्यांनी मान डोलावली. वडीलधाऱ्यांची मान वाचायला कॉलेजात शिकवत नाहीत.

खांब तयार होऊन आवारात आडवे पडले. येणारा-जाणारा हसायला लागला. मी दारांचं लोखंड आणायला दौंडला गेलो आणि आठवडाभर अडकलो. तेवढ्यात मिस्त्रींनी माझी लाज राखली. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं त्यांचा मुलगा इनुस; सगळी पोटं तासून खांब वरपासून खालपर्यंत चार इंची केले. ओळंब्यात उभे केले. मी परतायच्या आत माळ्यावर बाजरीची पोती चढली. तिसरा खांब वाकायला लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला मिठी मारली.

चौकशीला साहेब आले. चेअरमन हौसराव माझ्या कानाला लागले, "मेलेल्याच्या नावावर टाका की! त्याला काय कुनी कामावरनं काढतंय?"

समोर इनुस उभा होता. हात बापासारखेच.

"नकाशा चुकला," मी म्हणालो.

साहेबांना पटलं. त्यांनाही ते पोट आवडलं नव्हतंच. संध्याकाळच्या आत नोकरी गेली.

यष्टीला थांबलो होतो, तिथं इनुस आला.

"खरं सांगा सायेब. आमी तासलं नसतं, तर ऱ्हायलं असतं का?"

"नाही. आधीच पडलं असतं."

यष्टी येऊन थांबली.

"म्हंजी माझ्या बापाला तुमीच मारलं," तो म्हणाला आणि माझी ट्रंक टपावर चढवून दिली.