पाटीवर नसलेली ओळ

मी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर राहते. मी पाटी आहे. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' लाल अक्षरांत एवढंच लिहून बुधवार पेठेतल्या दुकानाने मला इथे पाठवलं. दार उघडलं की आधी मीच दिसते.

माझ्या कामाचा मला अभिमान होता. मला वाचूनही "पेढे आणू की बर्फी, एवढंच सांगा," असं डॉक्टरांच्या कानाशी लागणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या. डॉक्टर नुसतं माझ्याकडे बोट दाखवायचे.

गेल्या मार्चमध्ये अक्षता आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. ओटीपोटात उजवीकडे अधूनमधून कळ यायची, म्हणून तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली होती. सोबत आत्या, सुंदराबाई. काउंटरवरच्या निकिताने सांगितलं, "लिटरभर पाणी प्या आणि लघवी धरून ठेवा. मूत्राशय भरलं की मागचं गर्भाशय, अंडाशय नीट दिसतं." अक्षताने बाटली संपवली.

तोवर सुंदराबाईंनी मला वाचलं. मग समोर बसलेल्या गरोदर बायकांकडे पाहिलं.

"ऊठ गं. हे पोटुशींचं ठिकाण हाय."

"आत्या, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"त्यांचं काय जातंय लिहायला? पाळीचं दुखणं हाय, समद्यांनाच हुतं. गावातलं कुणी बघितलं तर तुझ्या लग्नाचं काय?"

निकिता मान वर न करता म्हणाली, "मावशी, सकाळी एक आजोबा येऊन गेले. ते काही गरोदर नव्हते."

बाकावरच्या बायका हसल्या आणि तिथेच बिनसलं. सुंदराबाईंनी अक्षताचं मनगट धरून तिला दाराबाहेर नेलं. तिचा नंबर पुढचाच होता.

त्यांना घालवलं ते माझ्या अक्षरांनी. पोट दुखणाऱ्या मुलीसाठी माझ्यावर एक शब्द नव्हता. मोठ्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

सात आठवड्यांनी अक्षताला दोघांनी धरून आत आणलं. ती ओकत होती. डॉक्टर तपासून बाहेर आले. "अंडाशयावर मोठी गाठ आहे. तिच्या वजनाने अंडाशय देठाशी पिळलं गेलंय, रक्त पोचत नाहीये. ताबडतोब ऑपरेशनला न्या."

सुंदराबाई म्हणाल्या, "ओव्याचं पाणी देत होते मी."

अंडाशय वाचलं नाही. परवा अक्षता डावीकडचं तपासायला आली, तेव्हा मला कळलं. आत शिरताना तिने बजावलं, "आत्या, तू बाहेर बस." डावीकडचं नीट होतं. डॉक्टर म्हणाले, "मागे आलीस तेव्हाच तपासलं असतं तर गाठ दिसली असती. बहुतेक तेवढीच काढून भागलं असतं."

बाहेर सुंदराबाईंनी विचारलं, "काय म्हणले?" अक्षता थेट स्कूटरकडे गेली.

माझा मजकूर कायद्याचा आहे, तो तसाच असू द्या. पण माझ्या शेजारी भिंत मोकळी आहे. तिथे कुणीतरी लिहा : पोट दुखत असेल, पाळी बिघडली असेल, तर लग्न झालेलं असो वा नसो, आत या. आणि सोबत आलेल्या मोठ्यांनो, तिचा नंबर येईपर्यंत तिचा हात सोडून बसा.