वखारीपर्यंतची रिले

आजाराच्या साथीनं शाळा बंद झाली, सगळे तास पडद्यावर गेले आणि वेळापत्रकातून एकच विषय गळला, तो म्हणजे खेळ. खेळाच्या बाईंना कुणी तसं सांगितलंही नाही. नव्या वेळापत्रकात त्यांचा तास नव्हता, एवढंच.

"बरं झालं, घशाला विश्रांती," सासूबाई म्हणाल्या.

पण बाईंना घरात करमेना. त्या सहावीच्या तासाला पडद्याच्या एका कोपऱ्यात गुपचूप बसू लागल्या. मुलं हजेरी देत होती, उत्तरं देत होती. एकमेकांशी मात्र अवाक्षर बोलत नव्हती. एकदा तास संपल्यावर बाईंनी विचारलं, "आपली हरणी कुठाय?"

हरणी म्हणजे वर्गातली सगळ्यात वेगानं पळणारी मुलगी. तिचे वडील पुलापलीकडच्या लाकडाच्या वखारीत राखणदार होते.

"ती शाळा सोडून गेली ना?" तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण म्हणाली.

त्यांनी हरणीच्या वडिलांना फोन लावला. शाळा सोडली नव्हती. घरात फोन एकच, आणि दिवसभर तो वडिलांच्या खिशात. बस, एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना गाठलं. "मला रिले घ्यायची आहे. प्रत्येकानं आपल्या दारातून पळायचं, पुढच्या मुलाच्या कुंपणावर दांडा ठेवायचा, हाक मारायची आणि मागे सरायचं. दुसऱ्यानं दांडा पुसून पुढे पळायचं. एका वेळी रस्त्यावर एकच मूल. नियमात बसतं, मी पोलीस चौकीवर विचारून आलेय."

"कुणी पडलं-झडलं तर पालक माझ्या दारात येतील."

"येतील कसे? शाळेच्या दाराला कुलूप आहे."

मोठ्या बाई हसल्या, आणि बाईंनी तोच होकार धरला.

घरांची साखळी जुळत गेली. बेकरीवाल्याच्या मुलीपासून सुरुवात, मग दवाखान्याची गल्ली, मग पाण्याची टाकी. शेवटी हरणी. अडचण एकच होती. पुलावरून ट्रक धावायचे, तिथे मुलांना सोडता येत नव्हतं. आणि बाईंना स्वतःला मोठ्या चौकात उभं राहणं भाग होतं. पुलाच्या अलीकडे घर होतं ते गणिताच्या सरांचं. 'दांडा पळवून भागाकार येतो का?' असं शिक्षकांच्या बैठकीत विचारणारे तेच.

"माझं वय काय, तुम्ही सांगताय काय," सर फोनवर म्हणाले.

"वय नाही विचारलं, सर. पूल ओलांडाल का, एवढंच विचारलं."

पलीकडे कपाटाचं दार करकरलं. मग, "चपला चालतील की बूट लागतील?"

शनिवारी सकाळी रिले सुटली. ज्या मुलांनी महिनोन्‌महिने पडद्यावर एकमेकांची फक्त कपाळं पाहिली होती, ती आता कुंपणापाशी उभी राहून एकमेकांच्या नावानं कोकलत होती. "अरे, तू केवढा वाढलास," असं एकानं ओरडून सांगितलं आणि त्या नादात दांडा ठेवायचाच विसरला. गच्चीवर आयाबाया जमल्या. एक आजोबा तर प्रत्येकाला 'कोपरं आत घे' म्हणून शिकवत होते.

सरांनी दांडा उचलला आणि ते रमतगमत निघाले. मागून गच्चीवरची मुलं ओरडली, "सर, पळा ना." सरांनी इकडेतिकडे पाहिलं, धोतराचा काचा मारावा तशी विजार वर खोचली आणि खरंच पळत सुटले.

वखारीच्या फाटकाशी हरणी केव्हाची उभी होती. दांडा ओंडक्यावर ठेवून सर मागे सरले आणि कंबरेवर हात देऊन धापा टाकू लागले.

"सर, तुम्ही? वर्गातलं कुणीतरी येणार होतं ना?"

"मग मी कुठला आहे?"

ती हसली. दांडा पुसून हातात घेतला आणि विचारात पडली. "मी शेवटची. मी कुणाकडे पळू?"

याचा विचार कुणीच केला नव्हता, बाईंनीही नाही. सरांनी रचलेल्या ओंडक्यांकडे पाहिलं, मग मागच्या रस्त्याकडे. "थांब," म्हणाले. "मी पुलाच्या तोंडाशी उभा राहतो. माझ्याकडे पळ. रिले परत न्यायची."

ते पोचून वळतात न वळतात तोच ती त्यांच्यापाशी होती. दांडा कठड्यावर टेकवून ती मागे सरली.

"फोन संध्याकाळी घरी येतो ना?" सरांनी विचारलं. "मग तुझा गणिताचा तास संध्याकाळी. मी लावीन फोन. आणि मैत्रिणीलाही जोडून घेऊ, दोघींचा भागाकार कच्चा आहे."

दांडा सगळी घरं घेत उलटा परतला. सोमवारी पडद्यावर हजेरी घेता येईना, कारण कोण किती हळू पळालं यावर जुंपली होती. मोठ्या बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि खेळाच्या बाईंना फोन केला.

"वेळापत्रकात शनिवार तुमचा. सातवीही मागे लागलीय."

"सातवीची घरं लांब लांब आहेत," बाई म्हणाल्या, आणि वहाणा घालून रस्ते बघायला निघाल्या.