वर्डेलच्या फ्रिजचं गुलाबी पाणी

वर्डेलच्या मोटारघरासमोर दुपारी चारला घडीच्या खुर्च्यांच्या सहा रांगा लागल्या होत्या. ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी गोल्फच्या गाड्या आणून लावल्या होत्या आणि त्यांतूनच माना लांब करून ते बघत होते. मोटारघराचं दार सताड उघडं होतं. आत समोरच फ्रिज, फ्रिजच्या पायाशी घडी घालून ठेवलेला पांढरा टॉवेल, आणि टॉवेलशेजारी गुडघे टेकून बसलेला उपदेशक, ब्रदर कल्पेपर.

"बोलू नका कुणी," तो म्हणाला. "तो येतोय."

फ्रिजच्या मागून बारीक गुरगुर ऐकू आली. ती थांबल्यावर खालच्या पट्टीतून पाण्याचा एक ओघळ आला, टॉवेलवर पसरला, आणि पांढऱ्यावर गुलाबी डाग उमटला.

आयोवाच्या मंडळींपैकी एर्विन नावाच्या आडदांड शेतकऱ्यानं टोपी काढली. माझ्या शेजारची बाई हुंदके देऊ लागली. वर्डेलच्या वारलेल्या नवऱ्याला, हार्लनला, तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"बघा, बंधूंनो," कल्पेपर म्हणाला, "लोकांचे नवरे मरतात आणि गप्प पडतात. हार्लन गप्प पडला नाही. हे त्याच्या काळजाचं पाणी आहे."

वर्डेल पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही. बसथांब्यावर बसावं तशी ती बसली होती.

ही चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या मोटारघरांच्या पार्कात मी एकवीस हिवाळे काढले. नोव्हेंबर आला की आम्ही उत्तरेकडची म्हातारी माणसं आपापली चाकांवरची घरं घेऊन खाली उतरायचो आणि एप्रिलमध्ये परत जायचो. त्या पार्कातले लिंबाचे वास, संध्याकाळचे पत्त्यांचे डाव, बटाट्याच्या कोशिंबिरीची भांडी हातोहात फिरवणं, सगळं मला अजून आठवतं. आता त्यातलं कुणी उरलेलं नाही. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

वर्डेल मिनेसोटाची. तिचा नवरा हार्लन त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी गेला. अंत्यविधी झाला, आणि डिसेंबरच्या मध्यावर ती एकटी दोन हजार मैल गाडी चालवत आली. मी तिला मिठी मारली, तर तिचे हात तसेच लोंबत राहिले.

"मर्ना," ती मला म्हणाली, "मला रडूच येत नाही गं. चर्चमध्ये सगळे रडले. मी छताचे दिवे मोजत होते."

पार्कात येऊन तिनं पाण्याचा पाइप जोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजखाली गुलाबी पाण्याचं थारोळं होतं. ती माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "मी रडले नाही, म्हणून तो रडतोय."

पुसून काढू म्हटलं. माझंच चुकलं. त्याच दिवशी मी पाना आणला असता, तर कल्पेपर आमच्या गल्लीत शिरलाच नसता.

तो शेजारच्या पार्कातून ऐकून आला. चांदीचा बक्कल, गोड आवाज, गंजका ट्रेलर. आठवड्याभरात वर्डेलच्या दारात रोज चारला सभा भरू लागली. आधी तो स्वतः फ्रिज उघडून सगळ्यांना सरबतासाठी बर्फ द्यायचा. मग प्रार्थना, मग पाणी. त्याच्या ट्रेलरला नवे टायर आले. ते कुठून आले, असं कुणी विचारलं नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एका सकाळी वर्डेल दार उघडायला उठली आणि भिंत धरून उभी राहिली. तिच्या तोंडाला कुजक्या सफरचंदासारखा वास येत होता. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या कुप्या होत्या तशाच होत्या.

"इंजेक्शन घेतेस ना?"

"ब्रदर म्हणाले गरज नाही. मी हार्लनचं पाणी पिते." तिनं बाजूचा पेला दाखवला. "तहान फार लागते. सारखी पिते."

"किती दिवस?"

"आज पाचवा."

दवाखान्यात चल म्हटलं तर ती ऐकेना, म्हणून मी तिथून थेट ओपल क्रॅट्झच्या मोटारघरात गेले. ओपलनं नॉर्थ डकोटाच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, आणि पार्कातले निम्मे पंप तिनंच दुरुस्त केले होते. ती अंडी तळत होती. मी सांगत होते आणि ती उलथनं हलवत होती.

"गुरगुर होते म्हणालीस? पाण्याच्या आधी?"

"हो."

"आणि त्याच्याही आधी बर्फ कोण काढतं?"

"तोच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

ओपलनं गॅस बंद केला. "मला एक टॉवेल दे. तुझा, स्वच्छ धुतलेला."

त्या दिवशी चार वाजता ती सगळ्यांच्या आधी फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली.

"ब्रदर, रोज तुम्हीच वाढता. आज मी बर्फ काढते."

"भगिनी, ही पवित्र जागा आहे."

"फ्रिज आहे हो. त्यात कालचं मांस ठेवलंय."

मागून कुणीतरी हसलं. कल्पेपरला नाही म्हणता येईना. ओपलनं बर्फ काढला, दार लावलं, त्याचा टॉवेल उचलून एर्विनच्या मांडीवर ठेवला आणि माझा खाली पसरला.

"करा प्रार्थना."

त्यानं सुरुवात केली. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. त्याचा आवाज चढत गेला, शर्ट पाठीला चिकटला. टॉवेल कोरडा.

"इथे अविश्वासी माणूस आहे," तो म्हणाला. "तिच्यामुळे आत्मा अडलाय."

"आत्मा नाही, तार अडली आहे." ओपलनं वरचं दार उघडलं. "या बर्फयंत्राला ही तारेची दांडी असते. वर ठेवली की यंत्र बंद. खाली केली की यंत्र तयार बर्फ टाकतं आणि नवं पाणी मागतं. दिवसभर कुणीतरी ती वर करून ठेवतं, आणि चार वाजता बर्फ काढायच्या निमित्तानं खाली करतं. मी आज केली नाही. आता करते."

तिनं दांडी खाली केली. आत बर्फ खडखडला. मग तीच गुरगुर, आणि पट्टीतून ओघळ आला. माझा टॉवेल भिजला. पांढराच राहिला.

एर्विननं मांडीवरच्या टॉवेलच्या घड्या उलगडल्या. आत फिकट पूड होती. त्यानं बोट ओलं करून लावलं, तर बोट लाल झालं. चाटलं.

"चेरी," तो म्हणाला. "सरबताची पूड आहे ही. माझी नातवंडं हेच पितात."

ओपल बाहेरून गाडीच्या मागे गेली, फ्रिजच्या मागची जाळी काढली आणि आम्हाला एकेकाला वाकून बघायला लावलं. बोटाएवढी नळी, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा नट, नटाला केसाएवढी चीर. यंत्रानं पाणी मागितलं की व्हॉल्व्ह गुरगुरत उघडायचा, आणि पाणी चिरेतून फ्रिजखाली घरंगळायचं. तिनं व्हॉल्व्हच्या आधीची तोटी फिरवली. चमत्कार थांबला.

आम्ही परत पुढे आलो तेव्हा कल्पेपरचा ट्रेलर फाटकाबाहेर पडत होता. त्याच्यामागे कुणी गेलं नाही. लोकांनी खुर्च्या मिटल्या, एकमेकांकडे न बघता.

वर्डेल बसूनच होती.

"पहिल्या दिवशी ब्रदर इथे नव्हते," ती म्हणाली. "तेव्हाही गुलाबी होतं."

"होतं," ओपल तिच्यासमोर खाली बसली. "ते खरं होतं. वर्डेल, थंडी पडायच्या आधी आपण गाडीच्या नळांत काय भरतो?"

मला तेव्हा कुठे उमगलं, आणि शरमेनं कान तापले. नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून आम्ही सगळेच दर शरदात ते गुलाबी औषध गाडीत भरतो. प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये त्याचे कॅन असतात. सहा रांगा भरून बसलेल्या आमच्यातल्या एकालाही तो रंग ओळखता आला नव्हता.

"हार्लननंच भरलं," वर्डेल म्हणाली. "जायच्या दहा दिवस आधी. मी नको म्हणत होते. त्याला उभं राहवत नव्हतं."

"सगळे नळ त्यानं नीट केले असतील. बर्फयंत्राला औषध दोनदा-तीनदा ओढू द्यावं लागतं. त्यानं एकदाच ओढू दिलं. आत पाणी आणि औषध मिसळून राहिलं, ते पातळ होतं म्हणून गोठलं, आणि नट तडकला. पाइप जोडल्यावर पहिल्यांदा तेच बाहेर आलं. पुढचं सगळं पार्काच्या नळाचं."

"म्हणजे तो रडला नाही."

"नाही. दमला होता, इतकंच."

वर्डेलनं स्वतःच बाही वर केली. मी कुपी काढली. सुई टोचताना तिनं तोंड फिरवलं नाही, बघत राहिली. तासाभरात आम्ही तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर आणायचे कष्ट घ्यावे लागले नसते.

त्या माणसानं वर्डेलला फसवलं, हे खरं. पण त्या पार्कात आम्ही दोनशे माणसं होतो. उभा जन्म नळ, पंप, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवलेली माणसं. एकानंही जाळी काढून मागे वाकून बघितलं नाही, कारण बघणं म्हणजे तिच्या दुःखाचा अपमान असं आम्हाला वाटलं. तसं नसतं. ज्याच्यावर आपली माया असते, त्याच्या घरात पाणी गळायला लागलं तर आधी तोटी बंद करावी आणि गळतं कुठून ते शोधावं. कुणी हात लावू देत नसेल, तर तिथेच पहिला हात लावावा. आणि औषध थांबवा म्हणणाऱ्याला, तो कितीही गोड बोलो, दारातूनच परत पाठवावं.

चार दिवसांनी वर्डेल दवाखान्यातून आली. ओपलनं पितळेचा नट आणून ठेवला होता. वर्डेलनं पाना स्वतः मागून घेतला, मागे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि नट आवळू लागली. दोन आटे बसले, तिसऱ्याला हात थांबला. तिथेच, जाळीच्या पोकळीत डोकं घालून, ती रडली. खूप वेळ. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो आणि तिला उठवलं नाही.