लिहायचं जा, म्हणायचं या

“सैनिकाची बायको म्हणून तुझा नंबर आधी लागतो,” लष्करी बेसवरच्या नोकरी कार्यालयातली बाई इंग्रजीत म्हणाली. “किराणा दुकानात कॅशवर जागा आहे, पाळणाघरात आहे. सोमवारपासून ये.”

“बेसच्या बाहेर काही मिळेल?” ऊर्मिलाने विचारले.

बाईने चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. बाहेर म्हणजे जर्मन भाषा आली, जर्मन कर आले. सांगलीच्या लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याला तिथे कोणी विचारत नव्हते. स्टुटगार्टच्या अमेरिकी बेसवर कितीतरी बायका असल्याच नोकरीसाठी ताटकळत होत्या, आणि ही हातात आलेली सोडून निघाली होती.

खरे कारण ऊर्मिलाने सांगितले नाही. ते २००७ साल होते. तिचा नवरा सत्यजित न्यू जर्सीत वाढलेला, अमेरिकी लष्करात ट्रकदुरुस्तीच्या तुकडीत सार्जंट. तो इराकमध्ये होता. बेसवरच्या प्रत्येक बाईला एक गोष्ट पाठ होती : ती बातमी फोनवर येत नाही. ठेवणीतल्या गणवेशात दोन माणसे येतात आणि बेल वाजवतात. सांगायचे ते बायकोलाच, तोंडावर, असा नियम. ऊर्मिलाला नोकरी हवी होती ती दिवसभर घरात नसण्यासाठी. दार उघडायलाच कोणी नसेल, तर ते सांगणार कोणाला?

नोकरी शेवटी संध्याताईंनी मिळवून दिली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झाली होती. त्यांचे यजमान पद्माकर एका मोटार कंपनीत इंजिनियर.

“यांच्या ऑफिसात कंत्राटावर येणाऱ्या पोरांना जर्मनचा गंध नसतो,” संध्याताई म्हणाल्या. “स्क्रीनकडे बघून बघून डोळे बिघडवून घेतात आणि मग डॉक्टर शोधत फिरतात. गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, त्या प्राक्सिसमध्ये, फोनवर इंग्रजी बोलणारी बाई हवीय. तुझं जर्मन कितपत आहे?”

“टर्मिन, भेटीची वेळ देण्यापुरतं.”

“मग झालं तर! इथे माणूस जन्माला येतो तोसुद्धा टर्मिन घेऊन.”

ऊर्मिला जर्मन शिकली होती ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सत्यजितसमोर बसून. पहिल्याच धड्यातला पहिलाच शब्द तिने इंग्रजी अक्षरे जुळवून मोठ्याने वाचला होता, “जा.” सत्यजितला चहाचा ठसका लागला.

“अगं, लिहायचं जा, म्हणायचं या. या म्हणजे हो.”

“म्हणजे मी नुसतं हो म्हटलं तरी तुम्हाला बोलावल्यासारखं?”

“मग बोलवत राहा की.”

इराकला निघायच्या दिवशी बेसवरच्या व्यायामशाळेत सगळी कुटुंबे जमली होती. जमिनीवर हिरव्या पिशव्यांचे ढीग, कडेवर रडणारी मुले, बाहेर बसचे इंजिन सुरू. “येतो गं,” सत्यजित म्हणाला. तो दहाव्या वर्षी अमेरिकेत गेला, पण घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचे नाही हे आईने त्याच्या अंगी मुरवले होते. ‘येतो’ला ‘या’ म्हणायचे, हे ऊर्मिलाला तर बोलता यायच्या आधीपासून ठाऊक. पण तो पिशवी खांद्यावर घेऊन तसाच उभा. आता रडू फुटणार असे वाटले तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, “जा ना आता! बस सुटेल.”

तो हसला आणि गेला. बस फाटकाबाहेर पडल्यावर तिला आपण काय बोललो ते ऐकू आले. त्यानंतर ते रोज ऐकू येऊ लागले. भांडी घासताना, कुलूप लावताना, एस-बान लोकलचे दार बंद होताना.

प्राक्सिसमध्ये ती फोनवर सारखी “या, या” म्हणत असे. समोरचा माणूस चष्म्याचा नंबर सांगत असो की टर्मिन रद्द करत असो.

“फ्राउ पाटणकर, एक ‘या’ पुरतो,” शेजारी बसणारी हेल्गा म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ऊर्मिला म्हणाली, आणि पुढच्या फोनवर पुन्हा तेच. म्हाताऱ्या फ्राउ बाउअरला मात्र ते आवडायचे. कोणीतरी ऐकून घेते आहे असे वाटते, असे ती म्हणे.

तुकडीतल्या कुटुंबांची व्यवस्था पाहणारी डेब्रा अधूनमधून फोन करी. “तुझ्या कामाचा पत्ता अजून दिला नाहीस.” ऊर्मिला विषय बदलत असे.

मग फेब्रुवारीत इराककडचे फोन अचानक बंद झाले. ते कशाने बंद होतात हे बायकांना माहीत होते. तिकडे कोणी गेले की घरी सांगून होईपर्यंत लाइन तोडतात. दुसऱ्या दिवशी ऊर्मिलाच्या समोरच्या इमारतीत एका घरी गणवेशातले दोघे आले. त्या घरची केंड्रा खरेदीला गेली होती. दोघे तिच्या दाराशी उभे राहिले. दुपार गेली. खिडक्याखिडक्यांतून बायका बघत होत्या. शाळेतून आलेली मुले त्यांच्या बाजूने जपून जिना चढली. संध्याकाळी केंड्रा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, गाणे गुणगुणत आली. तोवर ती विधवा झाल्याचे सगळ्या इमारतीला कळले होते. तिला एकटीलाच नव्हते.

“मला वाटायचं, सापडलेच नाही तर टळेल,” ऊर्मिला संध्याताईंना म्हणाली.

“टळत नाही गं, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “नुसतं लोकांना आधी कळतं.”

सकाळी ऊर्मिलाने डेब्राला फोन लावला आणि प्राक्सिसच्या रस्त्याचे लांबलचक नाव एकेक अक्षर करून सांगितले.

एप्रिलमध्ये फोन पुन्हा बंद झाले. मंगळवारी सकाळी प्राक्सिसमध्ये गर्दी होती. ऊर्मिला काउंटरवर फ्राउ बाउअरशी बोलत असताना दार उघडले आणि बसलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. दोघे होते. थोरला काउंटरपाशी आला आणि खालच्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, “मिसेस पाटणकर? आत कुठे बोलता येईल?”

हेल्गा अर्धवट उठली. ऊर्मिलाने हाताने तिला बसवले.

“येईल,” ती म्हणाली. “या आजींचं होऊ दे. बसा ना.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग डोळ्यावर पट्टी असलेली मुलगी आणि पेपर वाचणारा गृहस्थ यांच्यामधल्या दोन खुर्च्यांवर ते बसले, ताठ, टोप्या गुडघ्यांवर ठेवून. मुलगी टोपीवरचे चिन्ह एका डोळ्याने न्याहाळू लागली.

फ्राउ बाउअरच्या डोळ्यांत औषध घातले होते. तिला सगळे धूसर दिसत होते. “आल्झो, तर मग पुढचा टर्मिन?” तिने विचारले.

“सकाळचा देऊ की दुपारचा?”

सकाळी गुडघे धरतात, पण दुपारी बसला गर्दी असते, असे म्हणत फ्राउ बाउअर विचार करू लागली. ऊर्मिलाने पेनाचे टोपण काढले आणि तिचे ठरेपर्यंत थांबून राहिली. तिने अजिबात घाई केली नाही.